बराक नंबर, रूम नंबर

उल्हासनगरातला जुना पत्ता रस्त्याच्या नावानं सुरू होत नाही. आधी बराकीचा नंबर, मग खोलीचा, मग सेक्शन आणि शेवटी कॅम्प. शहराला नगरपालिका मिळाली, महापालिका मिळाली, चौकाचौकांना पुढाऱ्यांची नावं लागली. तरी शहाड किंवा विठ्ठलवाडी स्टेशनाबाहेर रिक्षात बसलेला माणूस ‘तीन नंबर’ किंवा ‘पाच नंबर’ एवढंच सांगतो आणि रिक्षावाल्याला ते पुरतं. पत्त्यातल्या मूळ बराकीचं कौल आज बहुतेक ठिकाणी दिसणार नाही. तिच्या जागी दुमजली घर असेल, जीन्सचा कारखाना असेल, नाहीतर तळाला दुकानं असलेली पाच मजल्यांची इमारत असेल. नंबर मात्र बराकीचाच.

उल्हासनगरावर लिहिलं जातं ते बहुधा व्यापाराबद्दल. निर्वासित सिंधी कुटुंबं रिकाम्या हातांनी आली, पापड-लोणच्यांपासून सुरुवात करून त्यांनी बाजारपेठा उभ्या केल्या, ही गोष्ट मराठी वाचकाला तोंडपाठ आहे. ती खरीही आहे. पण ही माणसं ज्या घरांत राहिली त्या घरांकडे फारसं कुणी पाहिलं नाही. दार कुठल्या बाजूला होतं, चूल कुठे मांडली, न्हाणीचं पाणी कुठून जाई, दोन कुटुंबांमधली भिंत छतापर्यंत पोचत होती की नाही, हे प्रश्न किरकोळ वाटतात. पुढील पानांचा विषय नेमका तोच आहे, आणि त्याची मांडणी एका विधानाभोवती आहे: उल्हासनगरच्या घराचा नकाशा लष्करानं आखला, त्याचे तुकडे पुनर्वसन खात्यानं मालकीहक्कानं वाटले आणि त्या तुकड्यांवर नंतर मजले चढले. आज धोकादायक इमारतींच्या ज्या याद्या निघतात, त्यांची मुळं या तीन पायऱ्यांमध्ये सापडतात.

दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ, उल्हास नदीच्या काठानं ब्रिटिशांनी मोठी लष्करी छावणी वसवली. मुंबई बंदरापासून रेल्वेनं जवळ, नदीमुळे पाण्याची सोय आणि मोकळी सपाट जमीन. फौजा उतरवायला, थांबवायला आणि पुढे रवाना करायला जागा सोयीची होती. सहा हजार सैनिक आणि आणखी तीस हजार माणसं सामावतील अशा बेतानं ती आखली होती. २,१२६ बराकी उभ्या राहिल्या. युद्ध संपलं आणि सगळा पसारा ओस पडला.

बराक म्हणजे काय, हे नीट समजून घ्यायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यावर बेतलेलं आहे. एकमजली, लांबच लांब, अरुंद इमारत. वर उतरतं छप्पर. बहुतेक बराकींमध्ये मधोमध मोठा दालनवजा हॉल आणि दोन्ही टोकांना जोडलेल्या खोल्या. हॉल सैनिकांच्या रांगेनं मांडलेल्या खाटांसाठी. स्वयंपाक, आंघोळ, शौचालय यांतलं काहीही खाटेजवळ अपेक्षित नाही. ते वेगळ्या इमारतींत, सगळ्यांसाठी एकत्र. बराकींच्या दोन रांगांमध्ये मोकळी जागा. शिपायाला आडोसा लागत नाही, तिजोरी लागत नाही, सुनेला सासऱ्यासमोरून उठून जायला दुसरं दार लागत नाही. त्यामुळे इमारतीत त्यांतलं काहीच नव्हतं.

फाळणीनंतर सिंधमधून हिंदू कुटुंबं निघू लागली. ६ जानेवारी १९४८ला कराचीत दंगल झाली आणि ओघ एकदम वाढला. कराचीहून बोटी मुंबई बंदराला लागत आणि तिथून माणसं रेल्वेनं निरनिराळ्या छावण्यांत पाठवली जात. कल्याण कॅम्प त्यांतला सगळ्यांत मोठा. बघता बघता सुमारे लाखभर माणसं तिथे राहू लागली. हैदराबाद, लारकाना, शिकारपूर, सक्कर अशा शहरांतून आलेल्या कित्येकांची मागची घरं दुमजली होती. त्या भागात वारा पकडून खाली खोलीत सोडणाऱ्या छपरावरच्या ‘मंघां’ची रीत होती. इथे एका हॉलमध्ये अनेक कुटुंबं, मध्ये गोणपाट, साड्या, चादरी. पडद्यापलीकडचं बाळ रडलं की सगळा हॉल जागा. नंतर सरकारनं पार्टिशनच्या भिंती घातल्या आणि हॉलच्या खोल्या झाल्या. काही ठिकाणी नवे ब्लॉकही बांधले. ८ ऑगस्ट १९४९ला गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसली आणि नदीच्या नावावरून कॅम्पाचं उल्हासनगर झालं.

भिंती घातल्या म्हणजे घर झालं का? लांबट बराक आडव्या भिंतींनी कापली की प्रत्येक कुटुंबाच्या वाट्याला पुढून मागे जाणारा एक अरुंद पट्टा येतो. त्याच्या डाव्या-उजव्या भिंती शेजाऱ्यांच्या. उजेड आणि वारा फक्त समोरून आणि मागून. टोकाच्या खोलीला तिसरी बाजू मोकळी, म्हणून ती भाग्यवान. पुढे दार, म्हणून पुढे बैठक. धूर मागे जावा म्हणून मागे चूल. चुलीशेजारी पाणी, म्हणून मागच्या कोपऱ्यात मोरी. नळ आणि संडास बाहेर, सामायिक. कुठल्याही वास्तुविशारदानं न आखलेली ही मांडणी हजारो कुटुंबांनी आपापल्या बुद्धीनं, पण जवळजवळ एकसारखी बसवली. पट्ट्याच्या आकारानं दुसरा पर्यायच ठेवला नव्हता.

नेमक्या त्याच काळात जगाच्या दुसऱ्या टोकाला हाच प्रसंग घडत होता. बॉम्बहल्ल्यांत घरं गेलेली, लग्न होऊनही सासरच्या एका खोलीत अडकलेली ब्रिटिश कुटुंबं १९४६च्या उन्हाळ्यात रिकाम्या लष्करी छावण्यांमध्ये घुसली. स्कनथॉर्पजवळच्या एका छावणीपासून सुरुवात झाली आणि त्या शरद ऋतूपर्यंत इंग्लंड-वेल्समधल्या हजाराहून अधिक छावण्यांत चाळीस हजारांच्या आसपास माणसं राहू लागली. त्यांनीही ब्लँकेटांचे पडदे टांगले, लष्करी शेकोटीवर स्वयंपाक केला. सरकारनं आधी डोळे वटारले, मग नमतं घेतलं. स्थानिक कौन्सिलांनी त्या बराकींना पार्टिशनं घातली, पाणी-वीज दिली आणि भाडं लावलं. इथपर्यंत कल्याण आणि इंग्लंड यांत फार फरक नाही.

फरक पडला तो पुढे. इंग्लंडमध्ये बराक हा थांबा ठरला. कौन्सिलांनी घरं बांधायला घेतली आणि छावणीतली कुटुंबं हळूहळू तिकडे हलवली. त्या घरांच्या आतल्या मांडणीवर सरकारी समित्या बसल्या होत्या. १९४४च्या डडली समितीनं स्वयंपाकघर आणि जेवायची जागा यांचा विचार केला. १९६१च्या पार्कर मॉरिस अहवालानं तर कुटुंब घरात दिवसभर काय करतं इथून सुरुवात करून चार माणसांच्या फ्लॅटला सुमारे ७० चौरस मीटर जागा हवी, असं मोजून सांगितलं. मूल अभ्यास कुठे करणार, बाबागाडी कुठे ठेवणार, याचं उत्तर नकाशात असलं पाहिजे असा आग्रह होता. त्याच वर्षी शेफील्डची पार्क हिल ही वसाहत खुली झाली. दुधाची गाडी जाईल एवढे रुंद सज्जे तिच्या मजल्यांवरून फिरवले होते. गिरगाव-लालबागच्या चाळीत वाढलेल्या माणसाला ही कल्पना नवी वाटली नसती. सगळं गोड झालं असंही नाही. १६ मे १९६८ला लंडनमधल्या रोनन पॉइंट या कौन्सिलच्या उंच इमारतीचा एक कोपरा गॅसच्या स्फोटानं पत्त्यांसारखा वरपासून खालपर्यंत ढासळला. ती इमारत जेमतेम दोन महिने वापरात होती. पण चुकायला तरी तिथे एक नकाशा होता, आणि त्याच्याखाली सही करणारं कुणीतरी होतं.

मुंबई सरकारला सामूहिक घरं आखायचा अनुभव नव्हता असं म्हणता येत नाही. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडीच्या बीडीडी चाळी १९२०च्या दशकातच उभ्या राहिल्या होत्या: २०७ इमारती, तळमजला अधिक तीन मजले, मधल्या बोळाच्या दोन्ही अंगांना खोल्या, मजल्याला २० आणि इमारतीला ८०. खोली १६० चौरस फुटांची. न्हाणी-संडास सामायिक. ही मांडणी कोंदट म्हणून बदनाम झाली. तरी भिंतींची जाडी, जिने, पाण्याची सोय यांचा कागदावर हिशेब होता, आणि मालक एकच, सरकार. त्यामुळे शंभर वर्षांनी पुनर्विकास करायचा ठरला तेव्हा निदान कुणाशी बोलायचं हे स्पष्ट होतं.

उल्हासनगरात सरकारनं उलटी वाट धरली. विस्थापितांना भरपाई देण्यासाठी १९५४मध्ये केंद्रानं कायदा केला आणि त्याखाली बराकींतल्या खोल्या राहणाऱ्यांच्या नावावर होऊ लागल्या. कुणाचा सिंधमध्ये सोडलेल्या मालमत्तेचा दावा होता, तो खोलीच्या किमतीत वळता झाला. कुणी हप्त्यानं पैसे भरले. हाती सनद आली. सगळं मागे सोडून आलेल्या माणसाला त्या कागदाचं मोल किती होतं, हे वेगळं सांगायला नको. आजही उल्हासनगरात घराचा व्यवहार म्हटला की पहिला प्रश्न सनद आहे का, हाच असतो. भाडेकरू झाले असते तर सरकार ज्या दिवशी म्हणेल त्या दिवशी त्यांना उठावं लागलं असतं. मालक झाल्यामुळे ती भीती गेली.

पण मालकी मिळाली ती भूखंडाची नव्हे, बराकीच्या तुकड्याची. शिपायांच्या खाटांसाठी आखलेला पट्टा कायद्यानं कायमचा झाला. एरवी शहरात इमारत बांधायची तर चारी बाजूंना सामासिक अंतर सोडावं लागतं. दोन्ही भिंती शेजाऱ्याच्या असलेल्या पट्ट्यात ते सोडायचं कुठून? नियमाप्रमाणे बांधायचं तर काहीच बांधता येत नाही, आणि कुटुंब तर वाढतंच आहे. अनधिकृत बांधकामांचं शहर म्हणून उल्हासनगरची टर उडवणाऱ्यांनी ही अडचण लक्षात घेतलेली नसते.

मग खोली वाढली, ती तीन दिशांनी. आधी पुढे: दारापुढच्या मोकळ्या जागेवर ओटा, ओट्यावर पत्रा, पत्र्याखाली शिलाई मशीन किंवा दुकानाची फळी. मग मागे: चूल ढकलत ढकलत मागच्या बोळापर्यंत नेली, तिच्या जागी झोपायची खोली झाली. मधल्या खोलीचा उजेड तिथेच संपला; दिवसाही दिवा लावावा लागे. शेवटी वर: उतरत्या छपराखाली आधी माळा घातला, मग कौलं उतरवून स्लॅब टाकला आणि लोखंडी जिना बाहेरून चढवला, कारण आत जिन्याला जागा देणं परवडणारं नव्हतं. खाली कारखाना, वर बिऱ्हाड ही उल्हासनगरची प्रसिद्ध रचना अशी घडली. पापड, मिठाई, कापड, फर्निचर, पुढे जीन्स. प्रत्येक धंद्यानं घराच्या पुढच्या खोलीवर हक्क सांगितला. ‘मेड इन यूएसए’चा, म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’चा, विनोद करताना हा माल बैठकीच्या खोलीत तयार होत होता, हे विसरलं जातं.

याच परिसरात सरकारनं आखलेली दुसरी घरंही आहेत, आणि ती शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. अंबरनाथला १९५३मध्ये आयुध निर्माणी सुरू झाली. तिच्या वसाहतीतली क्वार्टर्स पगाराच्या श्रेणीप्रमाणे टाइप एक, टाइप दोन अशी चढत जातात. कामगाराला किती खोल्या आणि साहेबाला किती, हे ठरलेलं. झाडं, रस्ते, मैदान यांना जागा सोडलेली. मात्र निवृत्त झालं की किल्ली परत. त्यामुळे भिंत पाडायचा किंवा गॅलरी आत घ्यायचा मोह इथे फारसा होत नाही. उल्हासनगरातच सुभाष टेकडीसारख्या वस्त्यांत मराठी कष्टकऱ्यांनी घरं बांधली, तिथे ना सनद होती ना टाइप. चढ-उतार बघून जागा धरायची आणि पत्र्यापासून सुरुवात करायची. दहा मिनिटांच्या रिक्षात घर आखायच्या तीन वेगळ्या तऱ्हा दिसतात.

या सगळ्या घरांना जोडणारी गोष्ट पाण्याची आहे. बदलापूरच्या पुढे, उल्हासला मिळणाऱ्या बारवी नदीवर महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळानं सत्तरच्या दशकात धरण बांधलं. हेतू होता अंबरनाथ-डोंबिवली भागातल्या कारखान्यांना पाणी देण्याचा. कारखान्यांमागून माणसं आली आणि पाणी वसाहतींकडे वळलं. उल्हासनगर महापालिकेकडे स्वतःचं धरण नाही. शहर महामंडळाकडून पाणी विकत घेतं. धरणाची उंची टप्प्याटप्प्यानं वाढवली गेली आणि साठवण सुमारे ३४० दशलक्ष घनमीटरपर्यंत गेली. त्यासाठी तोंडली, काचकोली, मोहघर यांसारख्या गावांतल्या कुटुंबांना ओटी-पडवीची घरं सोडावी लागली. त्यांच्या वाट्याला भूखंड, भरपाई आणि घरटी एक नोकरी आली. शहरातल्या खोलीत नळ आला त्यामागे हा दुसरा पुनर्वसनाचा इतिहास आहे.

नळ घरात आल्यावर घराचा नकाशा बदलतो. सामायिक नळ होता तोवर घरात पिंप आणि दोन हंडे पुरत. नळ आत आला तशी मोरी मोठी झाली, तिला दार लागलं, मग संडासही घरात आला. त्यासाठी मागच्या बाजूला मलवाहिनी हवी, ती मागच्या बोळातून गेली आणि बोळ आणखी अरुंद झाला. पाणी ठरावीक वेळीच येतं, म्हणून साठवण आली: आधी माळ्यावर टाकी, मग इमारतींच्या खाली हौद आणि गच्चीवर काळ्या टाक्यांची रांग. हजार लिटरची भरलेली टाकी म्हणजे एक टन वजन. ज्या भिंतींनी मुळात फक्त कौलं पेलली होती, त्यांच्या वारसदार इमारतींवर ही ओझी चढत गेली.

ऐंशी आणि नव्वदच्या दशकांत दोन-चार सनदधारकांनी एकत्र येऊन जागा बिल्डरला द्यायची प्रथा पडली. बराकीच्या पट्ट्यावर चार-पाच मजले उभे राहू लागले. या इमारतींचा नमुना पाहिला की मूळ खोली ओळखू येते. तळाला रस्त्याकडे तोंड करून दुकानांची ओळ. एका कडेला अंधारा जिना. प्रत्येक मजल्यावर हॉल समोर, स्वयंपाकघर मागे, संडास-बाथरूम त्याच्या शेजारी. बाजूच्या भिंतींना खिडक्या जवळजवळ नाहीतच, किंवा आहेत त्या शेजारच्या इमारतीच्या भिंतीत उघडतात. समोरची गॅलरी ग्रिल लावून आत घेतलेली. म्हणजे तोच पुढून मागे जाणारा पट्टा, पाच वेळा एकावर एक.

पुढे या बांधकामांचं प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि ८५५ अनधिकृत इमारती पाडण्याचे आदेश निघाले. हातोडा पडू लागला तसं शहर रस्त्यावर उतरलं. २००६मध्ये राज्य सरकारनं एकट्या उल्हासनगरासाठी कायदा केला: दंड भरा, अटी पाळा, बांधकाम नियमित करून घ्या. इमारत कागदावर नियमित होऊ शकत होती. काँक्रीटमधली रेती आणि सळई मात्र होती तशीच राहिली.

याचा अर्थ काय होतो ते २०२१च्या मे महिन्यात दिसलं. २८ मेच्या रात्री नेहरू चौक भागातल्या एका इमारतीचा पाचव्या मजल्याचा स्लॅब कोसळला आणि खालचे स्लॅब घेऊन थेट तळमजल्यावर आला. सात जणांचा जीव गेला. त्याच्या जेमतेम दोन आठवडे आधी शहरात अशीच दुसरी दुर्घटना होऊन बळी गेले होते. दोन्ही वेळा इमारत आडवी झाली नाही. एका खोलीच्या रुंदीचा उभा भागच खाली आला. हॉलवर हॉल, मोरीवर मोरी अशी मांडणी असली की वरचा स्लॅब सुटला तर त्याला अडवायला खाली तेवढ्याच ताकदीचा, तेवढाच जुना स्लॅब असतो. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर बांधलेल्या कित्येक इमारतींत निकृष्ट ‘उल्वा’ रेती वापरली गेल्याची चर्चा तेव्हा पुन्हा सुरू झाली. रेती निकृष्ट असली की काँक्रीट ओल धरतं, आतली सळई गंजून फुगते आणि छताचे पापुद्रे सुटू लागतात. संडास-बाथरूमच्या गळतीनं ओली राहणारी जागा याला आधी बळी पडते. छताला ओलीचा डाग दिसला की लोक रंग मारून घेतात, कारण दुरुस्ती काढायची तर वरच्याचं बाथरूम फोडावं लागतं आणि वरचा तयार नसतो.

आता सगळीकडे शब्द ऐकू येतो तो क्लस्टरचा. अनेक इमारती आणि बराकी एकत्र घेऊन मोठ्या भूखंडावर नवी वसाहत आखायची, म्हणजे सामासिक अंतर, रस्ते, अग्निशमनाची गाडी फिरायची जागा हे सगळं बसेल. कल्पना चुकीची नाही. पंच्याहत्तर वर्षांपूर्वी जे करायला हवं होतं, ते ती करू पाहते. पण २०११च्या जनगणनेत सुमारे १३ चौरस किलोमीटरांत पाच लाखांवर माणसं मोजलेल्या शहरात ती कागदावरून जमिनीवर आणणं सोपं नाही. सनदधारक, त्याच्याकडून खोली विकत घेतलेला, त्याचा भाडेकरू, वरच्या मजल्यावरचा फ्लॅटमालक आणि तळातला दुकानदार या प्रत्येकाचा कागद वेगळा आहे. मुंबईत झोपडपट्टी पुनर्वसनात घर २२५ चौरस फुटांवरून २६९ आणि मग ३०० चौरस फुटांवर आलं. २०१५च्या प्रधानमंत्री आवास योजनेत दुर्बल घटकांसाठी ३० चौरस मीटर चटईक्षेत्राची मर्यादा होती. या आकड्यांत खाली कारखाना आणि वर बिऱ्हाड असलेल्या कुटुंबाची पुढची खोली कुठे धरायची, याचं उत्तर नाही. मशीन सातव्या मजल्यावर न्यायचं, की धंदा बंद करायचा?

म्हणून पुढील पानं वाचताना नकाशांकडे नुसती चित्रं म्हणून पाहू नये. प्रत्येक नकाशात तीन गोष्टी शोधाव्यात: उजेड कुठून येतो, पाणी कुठून येतं आणि कुठून जातं, आणि कागद कुणाच्या नावावर आहे. पहिल्या दोन गोष्टी डोळ्यांना दिसतात, तिसरी दिसत नाही, आणि बहुतेक वेळा तिसरीच पहिल्या दोन्हींना अडवते. तीस वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी महापालिका कायद्यानं सक्तीची आहे. १९९४-९५च्या सुमाराला बराकींच्या पट्ट्यांवर उभ्या राहिलेल्या इमारती आता या वयाच्या झाल्या आहेत. तपासणीसाठी येणारा अभियंता छताला हातोडी लावून पोकळ आवाज ऐकेल, सळई किती गंजली ते मोजेल आणि अहवाल देईल. इमारत रिकामी करा असं त्यात लिहिलं, तर त्या कुटुंबांनी जायचं कुठे, हे ठरवण्यासाठी तरी या घरांचे नकाशे आधी कुणीतरी काढून ठेवायला हवेत.